मोफत मंगळवार: शिकागोच्या समकालीन कला संग्रहालयाची पहिली भेट

शिकागोत आणि आसपासच्या नेपरव्हिल, शॉमबर्ग, अरोरा या उपनगरांत नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबे पहिल्याच वर्षी फील्ड म्युझियममधला डायनोसॉर आणि शेड मत्स्यालय पाहून येतात, आणि पुढे घरी पाहुणे आले की तीच वारी पुन्हा होते. मिशिगन अव्हेन्यूवरच्या जुन्या दगडी वॉटर टॉवरपासून दोन-तीन मिनिटांच्या चालीवर असलेले म्युझियम ऑफ कंटेम्पररी आर्ट, ज्याला इथे सगळे नुसते एमसीए म्हणतात, ते मात्र वर्षानुवर्षे राहून जाते. याची कारणे मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहेत आणि ती बहुतेक दोनच असतात: तिकीट महाग वाटते, आणि आत जे मांडलेले असते ते आपल्याला कळणार नाही अशी धास्ती वाटते. पहिल्या अडचणीचे उत्तर सोपे आहे, कारण इलिनॉय राज्यात राहणाऱ्यांना या संग्रहालयात दर मंगळवारी विनामूल्य प्रवेश असतो. दुसऱ्या अडचणीसाठी थोडी तयारी लागते, आणि हा लेख मुख्यतः त्या तयारीविषयी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. मोफत दिवसाचा सर्वांत मोठा फायदा असा की, आज पाहायचे राहिले ते पुढच्या मंगळवारी पाहता येते. तिकीट काढून आत गेलेला माणूस पैसे वसूल करण्याच्या भरात सगळे मजले पालथे घालतो, आणि बाहेर पडताना त्याचे पाय भरून आलेले असतात पण डोळ्यांपुढे एकही कलाकृती धड उभी राहत नाही. आपल्यावर ती सक्ती नाही. एका खेपेस थोडे पाहावे, नीट पाहावे आणि परत यावे, या हिशेबानेच पुढच्या सगळ्या सूचना दिल्या आहेत.

विनामूल्य प्रवेश कोणाला, कोणाला नाही

शिकागोच्या उद्यान मंडळाच्या जमिनीवर असलेल्या संग्रहालयांनी राज्यातील रहिवाशांना वर्षातील ५२ दिवस विनामूल्य प्रवेश द्यावा, असा इलिनॉयचा कायदा आहे. निरनिराळी संग्रहालये हे दिवस निरनिराळ्या प्रकारे ठरवतात. काही हिवाळ्यात सलग देतात, काही महिन्यातले ठरावीक वार देतात, आणि त्यामुळे दर वर्षी तारखा शोधत बसावे लागते. एमसीएचा मंगळवार ठरलेला असल्यामुळे तो लक्षात ठेवायला सर्वांत सोपा आहे.

रहिवासी असल्याचा पुरावा म्हणून इलिनॉयचा वाहन परवाना किंवा राज्याचे ओळखपत्र जवळ ठेवावे. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांकडे, किंवा नोकरदार जोडीदारासोबत एच-४ व्हिसावर आलेल्यांकडे, पहिले काही महिने यातले काहीच नसते. अशांनी पासपोर्टसारखे छायाचित्र असलेले एखादे ओळखपत्र आणि स्वतःच्या नावावर इथला पत्ता छापलेला एखादा कागद, म्हणजे भाडेकरार, विजेचे बिल किंवा बँकेचे पत्र, सोबत न्यावा आणि खिडकीवर आपली परिस्थिती स्वच्छ सांगावी. अठरा वर्षांखालील मुलांना कोणत्याही दिवशी तिकीट लागत नाही, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊकच नसते.

भारतातून आलेल्या आई-वडिलांचे काय, हा प्रश्न हमखास येतो. ते सहा महिने आपल्या घरी राहिले तरी इलिनॉयचे रहिवासी ठरत नाहीत, म्हणून त्यांचे तिकीट काढावे. खिडकीवर त्यांना आपल्या घराचा पत्ता सांगायला लावणे, हे त्यांच्या वयाला आणि आपल्यालाही शोभत नाही. मुळातच खर्च नको असेल, तर सर्वांसाठी रोज विनामूल्य असलेली दोन ठिकाणे शहरात आहेत: पिल्सेन भागातील नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट, आणि मध्यवर्ती भागात १८९७ साली उभी राहिलेली शिकागो कल्चरल सेंटरची इमारत, जिचा रंगीत काचांचा घुमट पाहण्यासाठी मान वर करून उभे असलेले ज्येष्ठ पाहुणे मी नेहमी पाहतो. मेक्सिकन संग्रहालयात शरद ऋतूत मृतांच्या स्मरणार्थ मांडलेल्या वेदींवर फुले, फळे आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ ठेवलेले असतात. पितृपक्षात पान वाढणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला ते कोणी समजावून सांगावे लागत नाही.

वार ठरला, वेळ ठरवावी

मंगळवारी एमसीए सकाळी दहा ते रात्री नऊपर्यंत उघडे असते, इतर दिवशी पाचला बंद होते आणि सोमवारी सुटी असते. या वेळा प्रसंगी बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी संग्रहालयाचे संकेतस्थळ पाहावे आणि त्याच वेळी मंगळवारचे विनामूल्य तिकीट ऑनलाइन नोंदवून ठेवावे. संकेतस्थळावर आणखी एक गोष्ट पाहायची असते, जी नवखे लोक पाहत नाहीत: कोणते दालन सध्या बंद आहे. समकालीन कलेच्या संग्रहालयात कायमस्वरूपी मांडणी फार थोडी असते, प्रदर्शने काही महिन्यांनी बदलतात, आणि एक उतरवून दुसरे उभारले जात असताना ते दालन काही आठवडे बंद राहते. दोन मोठी प्रदर्शने एकाच वेळी बदलत असतील तर तो मंगळवार सोडून द्यावा.

सकाळी शाळांच्या सहली येतात. संध्याकाळी साडेपाचनंतर कार्यालयांतून सुटलेली तरुण मंडळी येतात आणि गर्दी वाढते, पण ती गर्दी बोलकी आणि उत्साही असते. एकट्याने गेलेल्या माणसाला तिच्यात परके वाटत नाही. शांतपणे पाहायचे असेल तर दुपारी दोन ते पाच ही वेळ मला सर्वांत चांगली वाटते. उन्हाळ्यातील मंगळवारांचे रूप निराळेच असते. इमारतीसमोरच्या चौकात शेतकऱ्यांचा बाजार भरतो, आणि संध्याकाळी मागच्या गच्चीवर विनामूल्य जॅझ संगीत असते. हे वातावरण एकदा अवश्य अनुभवावे, परंतु पहिली भेट त्या दिवशी ठेवू नये, कारण संगीत, उन्ह आणि माणसे यांच्यात आतली दालने मागे पडतात. पहिल्या भेटीसाठी जानेवारी-फेब्रुवारीतला एखादा बोचऱ्या थंडीचा मंगळवार निवडावा. बाहेर पाऊल टाकवत नसते आणि आत अख्खे दालन आपल्या एकट्यासाठी असते.

जाणे आणि सोबत नेणे

पत्ता २२०, ईस्ट शिकागो अव्हेन्यू असा आहे. रेल्वेने यायचे असेल तर सीटीएच्या, म्हणजे शहराच्या वाहतूक सेवेच्या, रेड लाइनवरील 'शिकागो' या स्थानकावर उतरून त्याच रस्त्याने पूर्वेकडे, म्हणजे मिशिगन तळ्याच्या दिशेने, साधारण दहा मिनिटे चालावे. वाटेत मिशिगन अव्हेन्यू ओलांडताना वॉटर टॉवर लागतो. १८६९ साली बांधलेली ही चुनखडीची इमारत १८७१ च्या शहर जाळणाऱ्या आगीतून वाचली. बसने यायचे तर ६६ क्रमांकाची बस शिकागो अव्हेन्यूनेच धावते. उपनगरांतून मेट्रा या रेल्वेने युनियन स्टेशनला उतरणाऱ्यांना तिथून मिशिगन अव्हेन्यूकडे जाणारी १५१ क्रमांकाची बस सोयीची पडते. गाडी आणणे टाळावे. या भागातील पार्किंगचे भाडे भरले, तर मोफत दिवसाची सवलत त्यातच जिरून जाते.

सोबत लहान झोळी किंवा खांद्याची छोटी पिशवी पुरे. मोठी पाठपिशवी, छत्री आणि जाड कोट आत गेल्यावर ठेवायला द्यावे लागतात, आणि लागत नसले तरी द्यावेत, कारण पाठीवर पिशवी असलेला माणूस वळताना मागे काय आहे ते विसरतो. एकदा एका संग्रहालयात माझ्या पाठपिशवीचा पट्टा एका चौथऱ्याला घासला होता. काही पडले नाही, पण रक्षकाच्या चेहऱ्यावरचा तो क्षण मी विसरलेलो नाही. लिहिण्यासाठी पेन्सिल न्यावी, कारण शाईचे पेन दालनात बहुधा चालत नाही. खाण्याचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या दालनांत काढता येत नाहीत, म्हणून मुलांना आधी खाऊ घालूनच आत न्यावे.

दारातून आत

समोरून पाहिले की इमारत करडी, चौकोनी आणि काहीशी तुटक वाटते. बर्लिनचे वास्तुरचनाकार योसेफ पाउल क्लाइहूस यांनी ती रचली आणि १९९६ साली ती खुली झाली. चौरस हा आकार तिच्या तावदानांत, पत्र्यांत आणि आराखड्यात पुन्हा पुन्हा येतो, आणि तो शिकागोच्या काटकोनी रस्त्यांशी जुळतो. दर्शनी भागात ३२ पायऱ्यांचा रुंद जिना आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी, किंवा बाबागाडी सोबत असणाऱ्यांनी, त्या पायऱ्या पाहून माघारी फिरू नये. जमिनीलगत दुसरे दार आहे आणि आत लिफ्ट आहे.

आत गेल्यावर तिकीट दाखवावे, कोट ठेवून बिल्ला घ्यावा, आणि नकाशा घेऊन पाच मिनिटे नुसते उभे राहावे. पुढच्या काचेतून शहर दिसते आणि मागच्या काचेतून बाग व तळ्याच्या बाजूचे आभाळ दिसते. मग लिफ्टने थेट चौथ्या मजल्यावर जावे. बहुतेक लोक खालून वर जातात, त्यामुळे खालची दालने आधी भरतात. वरून सुरुवात केली तर आपण गर्दीच्या उलट दिशेने जातो, आणि कमानीदार छताची वरची दालने ताज्या डोळ्यांनी पाहता येतात. उतरताना मात्र लिफ्ट घेऊ नये. इथला लंबवर्तुळाकार जिना स्वतःच पाहण्याजोगा आहे: वरच्या कठड्यावरून खाली वाकून पाहिले की पायऱ्यांची वळणे एकात एक मिटत जातात आणि अगदी तळाशी रंगीत माशांचे एक छोटे कुंड दिसते. मुले तिथून हलत नाहीत.

प्रत्यक्ष पाहणे

समकालीन कलेची धास्ती बहुधा एका गैरसमजातून येते. आपल्याला वाटते की प्रत्येक वस्तूमागे एक दडलेला अर्थ आहे, तो जाणकारांना ठाऊक आहे, आणि आपण परीक्षेला बसलो आहोत. प्रत्यक्षात दालनातील प्रत्येक कलाकृतीजवळ भिंतीवर एक छोटी पाटी असते, आणि ती वाचता आली की निम्मी वाट सरते. पाटीवर कलाकाराचे नाव, जन्मवर्ष, कलाकृतीचे नाव, ती घडवल्याचे वर्ष, ती कशाची बनवली आहे आणि संग्रहालयाकडे ती कशी आली, एवढे असते. काही पाट्यांवर खाली चार ओळींचे विवेचनही असते. यातली सर्वांत उपयुक्त ओळ साहित्याची. 'कॅनव्हासवर तैलरंग' एवढेच लिहिले असेल तर चित्राकडे चित्र म्हणून पाहावे. पण मेण, केस, जुनी वर्तमानपत्रे, गोड गोळ्या असे काही लिहिले असेल तर थांबावे आणि स्वतःला विचारावे की याच वस्तू का घेतल्या असतील. 'अनटायटल्ड' म्हणजे कलाकाराने नाव दिलेले नाही एवढाच त्याचा अर्थ. त्यात आपले काही हुकलेले नसते.

मी नवख्यांना नेहमी एकच क्रम सांगतो. आधी पाटी न वाचता दोन मिनिटे पाहावे आणि जे दिसते ते मनात मराठीत म्हणावे, 'एक बाई उभी आहे, मागे पडदा आहे, वर काही चेहरे आहेत' इतके साधे. मग पाटी वाचावी. मग पुन्हा दोन मिनिटे पाहावे. पहिल्या आणि दुसऱ्या पाहण्यात जो फरक पडतो, तोच आपल्या पदरात पडतो, आणि तो कोणाला सांगता येण्याजोगा असतो.

एक उदाहरण घेतो. केरी जेम्स मार्शल हे शिकागोत राहणारे कृष्णवर्णीय चित्रकार. त्यांचा जन्म १९५५ साली अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात झाला, आणि २०१६ साली एमसीएने त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले होते. त्यांचे १९९७ मधील 'सुव्हनिर १' हे प्रचंड आकाराचे चित्र एमसीएच्या संग्रहात आहे. संग्रहातील चित्रे आलटूनपालटून मांडली जातात, म्हणून ते प्रत्येक वेळी पाहायला मिळेलच असे नाही, पण मिळाले तर त्यापुढे वीस मिनिटे द्यावीत. चित्रात एक नीटनेटकी बैठकीची खोली आहे. त्या खोलीत एक बाई फुले मांडते आहे, आणि तिच्या पाठीला चमकीचे पंख आहेत. वरच्या बाजूला ढगांसारखे तरंगणारे चेहरे आहेत: नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात, १९६० च्या दशकात, मारल्या गेलेल्या माणसांचे. पाटी न वाचताही मला त्या खोलीत काही ओळखीचे वाटले होते. आपल्याकडे बैठकीच्या खोलीत आजोबांच्या तसबिरीशेजारी गांधीजी किंवा बाबासाहेब असतात, आणि घरातली बाई रोज सकाळी त्या तसबिरी पुसून हार बदलते. घरचे दुःख आणि समाजाचे दुःख एकाच भिंतीवर टांगलेले असते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय घरांतही केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणाची अशीच चित्रे लावलेली असत, आणि मार्शल यांनी तीच सवय चित्राच्या केंद्रस्थानी आणली आहे. पाटी वाचून परत पाहिल्यावर त्या चेहऱ्यांमधली १९६३ साली बर्मिंगहॅमच्या चर्चमधील स्फोटात गेलेली लहान मुले दिसतात, आणि चित्रकार त्याच गावात जन्मला होता हे आठवते. इतके समजायला कलेची पदवी लागली नाही.

दुसरे उदाहरण अलेक्झांडर कॅल्डर यांचे. रंगवलेले पत्र्याचे तुकडे तारांना लावून छतापासून टांगलेल्या त्यांच्या रचना, ज्यांना 'मोबाइल' म्हणतात, एमसीएमध्ये वर्षानुवर्षे मांडल्या गेल्या आहेत. माझे वडील कोल्हापूरहून आले होते तेव्हा मी त्यांना तिथे नेले. त्यांचे सगळे आयुष्य लेथ मशीनवर गेलेले. चित्रांपुढून ते भराभरा निघाले, पण कॅल्डरच्या रचनेखाली थांबले ते थांबलेच. तारेच्या टोकाला वळवलेली कडी, त्यात अडकवलेली दुसरी तार, एका बाजूचा मोठा पत्रा आणि त्याला तोलणारे दुसऱ्या बाजूचे चार छोटे, हे ते बोटांनी हवेत मोजत राहिले आणि म्हणाले, "वजन कुठं टाकायचं हे याला नेमकं कळलंय." कॅल्डर यांनी १९१९ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली होती, हे मी त्यांना नंतर सांगितले. आपल्यातले कितीतरी जण अभियंते म्हणून या शहरात आले आहेत; त्यांना या रचनांपुढे कोणत्याही कलासमीक्षकाइतकाच अधिकार आहे. फक्त एक पथ्य पाळावे: माणसांच्या वावराने हलणाऱ्या हवेवरच ती रचना फिरते, तिला फुंकर मारू नये आणि हात तर लावूच नये.

तिसऱ्या प्रकारची कलाकृती वस्तूच नसते. ती घडलेली घटना असते, आणि नवख्यांची खरी पंचाईत तिथे होते. एमसीए १९६७ साली सुरू झाले तेव्हा ते ईस्ट ऑन्टारियो रस्त्यावरच्या एका जुन्या, लहान इमारतीत होते, आणि १९६९ साली क्रिस्तो या कलाकाराने ती अख्खी इमारत ताडपत्रीत गुंडाळून दोरांनी बांधली. पुढे १९७५ मध्ये क्रिस बर्डन हा कलाकार याच संग्रहालयात तिरप्या ठेवलेल्या काचेखाली निश्चल पडून राहिला, आणि त्याने कोणाला न सांगता ठरवले होते की, इथले कोणी आपण होऊन काही करेपर्यंत उठायचे नाही. ४५ तास उलटले. अखेर एका कर्मचाऱ्याने काळजीने त्याच्याजवळ पाण्याचे भांडे ठेवले; तेव्हा बर्डन उठला, त्याने भिंतीवरचे घड्याळ फोडले आणि निघून गेला. अशा गोष्टींची आता फक्त छायाचित्रे आणि कागद उरतात. एखाद्या दालनात काचेच्या पेटीत नुसती टंकलिखित पाने दिसली तर 'यात काय पाहायचे' म्हणून पुढे जाऊ नये. ती एखाद्या घटनेची नोंद असण्याची शक्यता असते. त्या ४५ तासांत आपण तिथे असतो तर पाणी ठेवले असते का, हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

चित्रफितींच्या अंधाऱ्या खोल्यांविषयी थोडे. दाराशी पाटीवर चित्रफितीचा कालावधी लिहिलेला असतो. आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत भिंतीलगत उभे राहावे, मग बाकावर बसावे. चित्रफीत मध्येच सुरू असली तरी बिघडत नाही, कारण ती बहुधा फिरून पुन्हा चालू होते. बाकाविषयी सावध राहावे. दालनातली खुर्ची किंवा पलंग बसण्यासाठी आहे की ती स्वतःच कलाकृती आहे याची शंका आली, तर रक्षकाला विचारावे. या दालनांतले रक्षक रोज त्या कलाकृतींच्या सहवासात असतात आणि त्यातले अनेक स्वतः कलाकार किंवा कलेचे विद्यार्थी असतात. "तुम्हाला यातले काय आवडते?" असे त्यांना विचारून पाहावे, मला या प्रश्नाची उत्तम उत्तरे मिळाली आहेत.

एखादी गोष्ट मुळीच आवडली नाही तर तसे स्वतःशी मान्य करावे आणि पुढे जावे. सगळेच थोर असते असे नाही, आणि संग्रहालयाचाही तसा दावा नसतो. मात्र 'हे तर माझी मुलगीही काढेल' असे वाक्य तोंडात आले की एकदा थांबून पाटीवरचे वर्ष पाहावे, कारण जे आज सगळीकडे दिसते ते त्या वर्षी कोणी प्रथमच केलेले असू शकते. एमसीएने १९७८ साली फ्रीडा काहलो यांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा अमेरिकेतील कोणत्याही संग्रहालयाने त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन केलेले नव्हते. आज त्यांचा चेहरा पिशव्यांवर छापलेला असतो.

मुले सोबत असतील तर

मुलांसाठी पाऊण तासाची मर्यादा ठेवावी. दालनात शिरण्यापूर्वीच त्यांना सांगावे की एक हात अंतर राखायचे, धावायचे नाही, आणि प्रत्येकाने घरी आजीला फोनवर सांगण्यासाठी एकच कलाकृती निवडायची. निवडलेल्या कलाकृतीपुढे मुलाला जमिनीवर बसून पेन्सिलीने चित्र काढू द्यावे. वाटेत बसले नसेल तर त्याला सहसा कोणी उठवत नाही. काही प्रदर्शनांत नग्नता किंवा हिंसेची दृश्ये असतात आणि तशी सूचना दालनाच्या तोंडाशी लावलेली असते, म्हणून पालकांपैकी एकाने आधी आत डोकावून यावे. छायाचित्रे काढण्यास सहसा मनाई नसते, परंतु फ्लॅश, ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक वापरू नये, आणि कॅमेऱ्यावर काट मारलेले चिन्ह दिसेल तिथे फोन खिशात ठेवावा. मोफत दिवशी एका कलाकृतीपुढे फोटोसाठी लांबलचक थांबून मागच्यांची वाट अडवणे विशेष खटकते.

दीड तासानंतर

दीड तास झाला की थांबावे, दालने शिल्लक असली तरी. खाली येऊन बाकावर बसावे आणि वहीत तीनच गोष्टी लिहाव्यात: ज्या कलाकृतीपुढे सर्वांत जास्त वेळ थांबलो तिचे आणि कलाकाराचे नाव, जे मुळीच पटले नाही ते, आणि पुढच्या मंगळवारी जिथून सुरुवात करायची ते दालन. पहिल्या दोन नोंदी भेटीगणिक वाचत गेले की स्वतःची आवड कशी बदलते हे कळते. माझ्या वहीत चार वर्षांपूर्वी 'पटले नाही' म्हणून लिहिलेली दोन नावे आज पहिल्या नोंदीत आहेत.

याच सवयीने पुढे आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोकडे वळावे. तिथेही इलिनॉयच्या रहिवाशांसाठी ठरावीक विनामूल्य दिवस असतात. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या जितीश कल्लाट यांची एक रचना २०१० साली तिथल्या भव्य जिन्यावर मांडलेली होती. स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्म परिषदेत, याच इमारतीत केलेले भाषण त्यांनी पायऱ्यांच्या उभ्या पृष्ठभागांवर दिव्यांच्या अक्षरांत लिहिले, आणि त्या दिव्यांना अमेरिकेने २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर दहशतवादाच्या धोक्यासाठी ठरवलेले पाच इशारा-रंग दिले. ती रचना तिथे नेहमी मांडलेली नसते, पण त्या जिन्यावरून चढताना तिची आठवण ठेवावी.

मंगळवारी रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्यांनी एवढे करावे: नऊच्या आधी वीस मिनिटे खाली उतरून कोटाच्या रांगेत उभे राहावे, कारण शेवटच्या दहा मिनिटांत सगळेच तिथे येतात. बिल्ला देऊन कोट घ्यावा, हातमोजे खिशात आहेत ना ते पाहावे आणि बसची वेळ फोनवर आत उभे राहूनच बघावी. तळ्याकडून येणारा वारा हिवाळ्यात त्या थांब्यावर दोन मिनिटेही टिकू देत नाही.